छापखान्याविना मासिक



ह्या आठवड्यात ह्याच व्यासपीठावरून आपण मोठमोठ्या विद्वानांची भाषणे ऐकलीत. आज त्याच जागी, कामगार संघटनेत आयुष्य काढलेल्या एका माणसाला चालकांनी उभे केले आहे. विषय संपाचा नाही, किमान वेतनाचा नाही. वाङ्मयीन मासिक कसे काढावे, तेही छापखान्याची पायरी न चढता संगणकाच्या जाळ्यावर कसे काढावे व लोकांपर्यंत कसे न्यावे, हा विषय आहे. पत्रिका पाहून एका जुन्या सोबत्याने मला विचारले, "अरे, तुझा आणि वाङ्मयाचा संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते नगरवाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या खोल्यांवर, दुसऱ्यांनी वाचून टाकलेल्या अंकांवर झाले. तेव्हा भाषेच्या व्याकरणात मी चुकलो तर प्राध्यापक मंडळींनी सांभाळून घ्यावे. हिशेबात चुकलो तर मात्र जरूर टोकावे.

पण हा संबंध मी नव्याने जोडलेला नाही. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधु' हे पत्र काढले. पुढे ते चालवणे कठीण झाले, तेव्हा १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी ते मुंबईत हाती घेतले. गिरणी कामगारांची संघटना लोखंड्यांनी उभारली ती त्यानंतर चार वर्षांनी, १८८४ साली. आणि रविवारची सुट्टी गिरणीवाल्यांनी कबूल केली ती १८९० साली. म्हणजे ज्यांना आपण कामगार चळवळीचे आद्य पुरुष मानतो ते आधी संपादक होते. डॉ. आंबेडकरांचे पाहा. 'मूकनायक' १९२० चा, बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ ची, स्वतंत्र मजूर पक्ष १९३६ चा. श्रीपाद अमृत डांगे ह्यांनी १९२२ साली 'सोशलिस्ट' काढला, तेव्हा मुंबईत लाल बावट्याची युनियन निघायची होती. पत्र आधी, संघटना मागून. ह्यांतले कोणतेच पत्र निव्वळ वाङ्मयीन नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण ज्याला स्वतःचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत मांडता येत नाही, त्याची सही दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर घेतली जाते, हे मी तीस वर्षे पाहत आलो आहे. आणि म्हणून कथा, कविता, आठवणी ह्या गोष्टी मला करमणुकीच्या खात्यात टाकता येत नाहीत.

आता छापखान्याकडे येऊ. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढले, तेव्हापासून मराठी नियतकालिकाचे दुखणे एकच आहे. कागद, छपाई आणि टपाल ह्या तीन तोंडांत सगळा पैसा जातो. लेखकाला उरलेसुरले, आणि संपादकाला बहुधा कर्ज. 'सत्यकथे'सारखे मासिक, ज्यामागे मौज प्रकाशनासारखी संस्था होती, तेही १९८२ साली बंद झाले. ज्यांच्यामागे कोणी नव्हते त्यांनी सायक्लोस्टाइलचा आधार घेतला. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ ह्या तरुणांनी १९५० च्या दशकात 'शब्द' काढले ते असेच. मागून 'असो', 'वाचा' आदी लघुअनियतकालिके आली. अनियतकालिक हे नाव मला फार प्रामाणिक वाटते. पैसे जमले की अंक, नाही जमले की नाही! सायक्लोस्टाइलची शाई माझ्याही नखांत बसलेली आहे. रात्री स्टेन्सिल कापायची, पहाटे पत्रके काढायची आणि पहिल्या पाळीच्या भोंग्याला दारावर उभे राहायचे. स्टेन्सिल फाटली की मजकूर गेला. तेव्हा यंत्राचा मोह मला नाही, पण नव्या यंत्राने जो बोजा उतरवला तो मी फार बारकाईने जाणतो.

आज संगणकाच्या जाळ्यावर मासिक काढायचे तर कागद नाही, जुळारी नाही, टपाल हशील नाही. संकेतस्थळ, म्हणजे आपण सारे ज्याला वेबसाइट म्हणतो, त्याचे नाव वर्षाला हजारभर रुपयांत मिळते. मांडणीची साधने फुकट मिळतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत प्रतिज्ञापत्र करायला नको. नियतकालिकांच्या नोंदणीचा १८६७ चा जुना कायदा जाऊन २०२३ चा जो नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला, तो छापील नियतकालिकांपुरता आहे. (बदनामीचा कायदा मात्र पडद्यालाही लागू आहे, हे विसरू नये.) एवढे सोपे झाल्यामुळे झाले काय, की उत्साहाच्या भरात रोज कोणी ना कोणी मासिक काढतो. पहिला अंक दिमाखात निघतो, दुसऱ्यात संपादकाच्या मित्रांच्या कविता असतात, तिसरा निघत नाही. कागदाचा खर्च गेला म्हणजे संपादनाचे कष्टही गेले, असा समज त्यांनी करून घेतलेला असतो.

कोणासाठी काढायचे, हे आधी ठरवले पाहिजे. मराठीत जाळ्यावर आधी आलेल्यांचे ऋण मी मान्य करतो. १९९६ साली, जेव्हा संगणकावर देवनागरी उमटवणे हीच मोठी खटपट होती, तेव्हा अमेरिकेतल्या मराठी माणसांनी 'मायबोली' सुरू केली. पुढे 'मिसळपाव', 'ऐसी अक्षरे' ही स्थळे झाली. मराठी व इंग्रजी अशा दोन भाषांतून निघणारे 'हाकारा' आहे. पी. साईनाथ ह्यांनी २०१४ साली ग्रामीण भारताचे 'पारी' हे संग्रहस्थळ उभे केले. त्यावर जात्यावरच्या ओव्या ऐकायला मिळतात. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून बायकांच्या तोंडून जमवलेल्या ओव्यांचा हा खजिना लाखाच्या घरात आहे. छापायचा म्हटला तर किती खंड होतील आणि ते कोण विकत घेईल? इथे ती बाई गाते ते तिच्याच आवाजात ऐकू येते, शेजारी शब्द दिसतात, तिचे नाव, गाव दिसते. मला स्वतःला जाळ्यावरच्या साहित्याचे महत्त्व पटले ते ह्या ओव्यांमुळे.

पण आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये बारा तासांची पाळी करणारा कंत्राटी मुलगा ह्यांतल्या कोणत्याही स्थळावर लिहायला जात नाही. कोणी मज्जाव केला आहे असे नाही. आपल्यासाठी ते नाही, असे त्याला वाटते. त्याच्या खिशात मोबाइल आहे, आणि रात्री खोलीवर पडल्या पडल्या तो त्यावर लिहितो. काय लिहितो, हे मी पाहिले आहे. गावी राहिलेल्या आईवर लिहितो, मुकादमावर लिहितो, कापलेल्या बोटावर लिहितो. एकाने तर यंत्राचा मेन्टेनन्स-कार्ड असतो ना, तशा तक्त्यात आपल्या शरीराची कैफियत लिहिली होती! नारायण सुर्व्यांचे 'माझे विद्यापीठ' १९६६ चे. गिरणगाव गेले, चाळींच्या जागी मनोरे आले, पण सुर्वे ज्या फुटपाथवरून आले तो फुटपाथ अजून आहे. त्यावरच्या माणसाला मासिक नाही.

चीनमधला एक दाखला सांगतो. बीजिंग शहराच्या कडेला पीत्सुन नावाची वस्ती आहे, खेड्यांतून आलेल्या मजुरांची. तेथे मजुरांसाठी साहित्याचा एक फुकट वर्ग चालत असे. त्या वर्गाला येणारी, लोकांची मुले सांभाळून पोट भरणारी फान यूसू नावाची बाई. तिने आपल्या आयुष्यावर एक लेख लिहिला आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये तो एका ऑनलाइन नियतकालिकाने दिला. एकदोन दिवसांत लाखो लोकांनी तो वाचला. पत्रकार तिच्या दाराशी जमले, प्रकाशक आले, आणि ती बाई त्या गर्दीला टाळण्यासाठी दिसेनाशी झाली. ह्यात मासिकवाल्याने दोन गोष्टी पाहाव्यात. लेख आकाशातून पडला नाही. आधी वर्ग होता, आठवड्याला भेटणारी माणसे होती. आणि दुसरे, प्रसिद्धीचा लोंढा येतो तेव्हा तो लेखकाच्या घरात शिरतो, संपादकाच्या नव्हे. साध्या माणसाचे लिखाण छापताना त्याचे खरे नाव द्यायचे की टोपणनाव, कारखान्याचे नाव गाळायचे की ठेवायचे, हे त्याच्याशी बसून आधी बोलावे लागते. त्याची नोकरी गेली तर आपली वाहवा त्याच्या काय कामाची?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. पहिली गोष्ट, मालकी. संकेतस्थळाचे नाव सहसा एखाद्या उत्साही तरुणाच्या नावावर, त्याच्या मोबाइलवर, त्याच्या बँकेच्या कार्डावर घेतले जाते. तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला, रुसला किंवा नूतनीकरणाची तारीख विसरला, की सगळे मासिक हवेत! युनियनच्या खात्यावर आम्ही कधी एका सहीने पैसे काढू देत नाही. तोच दंडक येथे लावावा. सात माणसे जमली तर १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते. तिच्या नावे स्थळ घ्यावे, तिच्या नावे खाते उघडावे, आणि परवलीचे शब्द निदान दोघांजवळ, बंद पाकिटात, ठेवावेत. हे ऐकायला रुक्ष वाटते. पण वाङ्मयीन संस्था मोडल्या त्या वाङ्मयीन मतभेदांपायी थोड्या आणि किल्ल्यांच्या जुडग्यापायी जास्त, असे माझे मत आहे.

दुसरी गोष्ट, अक्षरे. ह्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण येथे फार मंडळी फसतात. आपल्याकडच्या डीटीपीच्या दुकानांत अजून पुष्कळ काम जुन्या फाँटांत चालते. त्यात पडद्यावर 'क' दिसतो, पण यंत्राच्या पोटात तो 'क' नसतो; तेथे इंग्रजी अक्षराचा आकडा असतो आणि वरून मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. छापून काढले तर काही बिघडत नाही. पण असा मजकूर जाळ्यावर टाकला की दुसऱ्याच्या मोबाइलवर त्याचा चिवडा होतो, आणि शोधणाऱ्याला तो कधी सापडत नाही. ह्याला उपाय युनिकोडचा. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक देणारी ही पद्धत; १९९१ सालच्या तिच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. तेव्हा मासिकातले प्रत्येक अक्षर युनिकोडमध्येच हवे. लेखकाकडून जुन्या फाँटातला मजकूर आला तर तो बदलून देणारी साधने आहेत, पण बदलल्यावर तो ओळीने ओळ पुन्हा वाचलाच पाहिजे. जोडाक्षरे आणि रफार येथे घात करतात. 'आचार्यांना नमस्कार' आणि 'आचाऱ्यांना नमस्कार' ह्यांत विद्यापीठ आणि भटारखाना एवढे अंतर आहे! 'दर्या' आणि 'दऱ्या' ह्यांतही तसेच. आणि चित्राच्या रूपात कविता टाकण्याची जी फॅशन आहे, फुलांच्या पार्श्वभूमीवर अक्षरे, ती कृपा करून टाळा. शोधयंत्राला बहुधा त्यात फुलेच दिसतात, आणि डोळ्यांनी अधू असलेल्या माणसाचा मोबाइल ती कविता त्याला नीट वाचून दाखवू शकत नाही.

तिसरी गोष्ट निवडीची आणि सुधारणेची. राम पटवर्धन, श्री. पु. भागवत ह्यांच्याविषयी जुने लेखक सांगतात ते सगळे एकाच गोष्टीभोवती फिरते: संपादक कथा वाचत, लेखकाला पत्र लिहीत, पुन्हा लिहायला लावत. त्यांच्या आवडीनिवडीबद्दल तक्रार असणारे होते. १९६९ साली तरुणांनी 'सत्यकथे'ची होळी केली ती उगाच नव्हे. पण ज्या मासिकाची होळी करावीशी वाटते त्या मासिकाची निवड काहीतरी ठाम होती, एवढे त्यातून कळते. जाळ्यावर जागेला मर्यादा नाही, म्हणून आले ते टाकले, अशी जी ढिलाई असते तिच्यावर कोणी काडीसुद्धा ओढणार नाही. अंकात पंधरा गोष्टी घ्या, पण प्रत्येक दोघांनी वाचलेली असावी आणि नाकारलेल्या प्रत्येक लेखकाला कारण लिहून जावे. कारण सांगायला वेळ नाही, असे म्हणणारा साहेब आम्ही कारखान्यात खपवून घेत नाही.

बोलीचे काय करायचे, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. हाताचा अंगठा चुकून पडलेली अक्षरे सुधारावीत. वेलांटी, उकार सुधारावा. त्यात लेखकाचाच मान राहतो. पण 'व्हतं' चे 'होते' करू नये आणि बीडच्या माणसाला सदाशिव पेठेत आणून बसवू नये. आमच्याकडे काही जण लिहीतच नाहीत, मोबाइलवर बोलून पाठवतात. एका हमालाने आपल्या पाठीवरच्या पोत्यांची हकिकत अशीच बोलून पाठवली. ती एका मुलीने उतरवून घेतली, त्याला वाचून दाखवली, त्याने चार ठिकाणी "असं नाय म्हनलो मी" म्हणून बदलायला लावले. असे वाचून दाखवून संमती घेतल्याशिवाय उतरवलेला मजकूर देऊ नये.

आणि आता पैशाचे बोलतो, कारण माझ्यासारख्याला बोलावून पैशाचे न बोलता पाठवणे बरे दिसणार नाही.

ऑनलाइन मासिकांत एक वाक्य सर्रास आढळते: "आम्ही मानधन देऊ शकत नाही, पण आपले लेखन हजारो वाचकांपर्यंत पोहोचेल." हे वाक्य मी दुसऱ्या रूपात आयुष्यभर ऐकले आहे. "आता पगार नाही, पण अनुभव मिळेल." स्थळाच्या जागेचे भाडे आपण वेळेवर भरतो, कारण न भरले तर स्थळ बंद पडते. वीज, जोडणी ह्यांचे देयक भरतो. जो माल बनवतो तेवढ्याला मात्र पुण्य. ज्याला पेन्शन आहे, प्राध्यापकाचा पगार आहे, त्याला ते पुण्य परवडते. पाळी बुडवून लिहिणाऱ्याला परवडत नाही. मग लिहितात कोण? ज्यांना परवडते ते. आणि आपण म्हणतो, तळागाळातून लेखन येत नाही!

हिशेब करून पाहू. शंभर माणसे दरमहा शंभर रुपये देतील तर तीन महिन्यांचे तीस हजार होतात. त्रैमासिक काढा, मासिकाचा हट्ट नको. पंधरा लेखनांना प्रत्येकी एक हजार म्हणजे पंधरा हजार. मुद्रिते तपासणाऱ्याला आणि उतरवून घेणाऱ्या मुलीला मिळून सहा. चित्रकाराला तीन. झाले चोवीस. उरलेल्या सहांत स्थळाचा खर्च, पावतीपुस्तके आणि चहा. ह्यात संपादकाला काही नाही, हे खरे. संपादकाने ते पहिल्या वर्षी सोसावे, दुसऱ्या वर्षी शंभराची दीडशे माणसे करावीत. शंभर माणसे मिळत नाहीत, असे म्हणू नका. ह्या शहरात एका गणेश मंडळाची वर्गणी एका संध्याकाळी किती जमते ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. फरक एवढाच, की मंडळाची पोरे दारात येऊन उभी राहतात आणि मासिकवाले पडद्यावर एक बटण ठेवून वाट पाहतात. वर्गणी मागावी लागते. पावती द्यावी लागते. आणि वर्षाच्या शेवटी जमाखर्च त्याच स्थळावर सर्वांना दिसेल असा मांडावा लागतो.

पैशाबरोबर हक्काचा कागद येतो. १९५७ च्या आपल्या स्वामित्वहक्काच्या कायद्यात, एकोणिसाव्या कलमात, हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो असे म्हटले आहे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता हक्क धरला जातो. किती लेखकांना हे माहीत आहे? किती संपादकांना माहीत आहे? जाळ्यावरचे मासिक तर जगभर दिसते, तेव्हा ह्या दोन्ही गोष्टी कागदावर हव्यातच. माझा आग्रह असा, की मासिकाने फक्त प्रथम प्रसिद्धीचा आणि आपल्या संग्रहात ठेवण्याचा हक्क मागावा. पुस्तक, नाटक, चित्रपट, अनुवाद हे सर्व लेखकाचे. साध्या मराठीत अर्ध्या पानाचा करार होतो. वाचता न येणाऱ्याला तो वाचून दाखवावा.

प्रसिद्धीसंबंधी पुष्कळांची कल्पना अशी, की फेसबुकवर पान उघडले, व्हॉट्सअॅपवर गट केला की काम झाले. ह्या साधनांचा उपयोग करावा, मी करतो. पण ती भाड्याची जागा आहे, आणि मालक कोण, तो कुठे राहतो, हेही आपल्याला दिसत नाही. ऑर्कुटवर मराठी मंडळींचे किती समुदाय होते! ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये बंद झाले. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, आणि खेड्यापाड्यांतल्या ज्या पोरापोरींना तेथे प्रेक्षक मिळाला होता तो एका रात्रीत गेला. कारणे वेगवेगळी असतील, पण प्रत्येक वेळी भाडेकरूचे सामान रस्त्यावर आले. म्हणून वाचकाचा पत्ता आपल्या स्वतःच्या वहीत असला पाहिजे. त्याची संमती घेऊन त्याचा ई-मेल किंवा फोन नंबर नोंदवून ठेवा, आणि अंक निघाला की त्याला चार ओळींचे पत्र जाऊ द्या. लांबलचक नको. मी आजवर जी पत्रके लिहिली त्यांत लोकांनी वाचली ती एका पानाची.

व्हॉट्सअॅपचा आणखी एक प्रकार आपण जाणता. कविता पुढे पुढे जाते आणि वाटेत कवीचे नाव गळते. मग तिच्याखाली कोणा थोर दिवंगत लेखकाचे नाव चिकटते. पु. लं.च्या नावावर त्यांनी न लिहिलेले इतके फिरते, की त्यांनी ते पाहिले असते तर त्यावरच एक लेख लिहिला असता. ह्याला तोड म्हणून काही जण फक्त दुवा पाठवतात. विचार योग्य आहे, पण पाळीवरून आलेला माणूस दुवा उघडत नाही, तो समोर आहे तेवढे वाचतो. तेव्हा लहान कविता सबंध पाठवावी, आणि कवीचे नाव शेवटी न ठेवता शीर्षकातच गुंफावे. कापणाऱ्याला शीर्षकही कापावे लागेल, एवढी तरी अडचण त्याला होईल.

मोजमापाविषयी सांगतो. स्थळ उघडले की रोज किती जण आले ह्याचा आकडा दिसू लागतो, आणि संपादक त्याच्या नादी लागतो. आमच्या सभेला मैदान भरलेले असायचे. पण दुसऱ्या दिवशी दारावर किती उभे राहतील ते त्यावरून कळत नसे. दहा हजार टिचक्यांपेक्षा, लेख शेवटपर्यंत वाचून "ह्यात आमच्या खात्याचे असे नसते, तसे असते" असे कळवणारे दहा जण मला जास्त मोलाचे वाटतात. त्यांची पत्रे छापा. त्यांतला एक पुढच्या अंकाचा लेखक असतो.

आणि खरी प्रसिद्धी पडद्याबाहेर होते. गंगाधर पानतावण्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेव्हाच्या औरंगाबादेत सुरू केलेले 'अस्मितादर्श' पाहा. दलित साहित्याला त्याने घर दिले. पण केवळ अंक काढून ते थांबले नाहीत, लेखक-वाचक मेळावे भरवले. गावोगावची माणसे आली, एकमेकांची तोंडे पाहिली. ज्याने कविता लिहिली त्याने ती उभे राहून म्हटली. आपल्याला आज ह्यापेक्षा वेगळे काही शोधून काढायची गरज नाही. पाळी सुटते तेथे, वडापावच्या गाडीपाशी, दहा मिनिटे एक गोष्ट वाचून दाखवा. पत्रकावर तो काळापांढरा चौकोन छापा, ज्यावर मोबाइल धरला की मासिक उघडते. वाचनालयांत जा. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली हजारो सार्वजनिक वाचनालये आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांत वर्तमानपत्राच्या टेबलाशी बसलेला म्हातारा ऑनलाइन मासिकाचे नावही जाणत नाही. त्याला एक लेख छापून द्या. मोठ्या अक्षरांत.

एक धोका राहिला, नाश पावण्याचा. कागद वाळवी खाते, पण वाळवीला वर्षे लागतात. संकेतस्थळ मात्र एका न भरलेल्या देयकाने जाते. 'इंटरनेट आर्काइव्ह' ही अमेरिकेतली संस्था १९९६ पासून जगभरची पाने साठवते आहे; प्रत्येक अंक निघाला की त्याची नोंद तेथे आपण होऊन करावी, त्याला पैसे पडत नाहीत. पण परक्याच्या कोठारावर सगळी भिस्त ठेवणे मला पटत नाही. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यावी लागते. तो कायदा छापील मजकुराचा आहे, पडद्यावरचे त्यात येत नाही. म्हणून वर्षाच्या शेवटी निवडक लेखनाचे एक पुस्तक छापावे. शंभर प्रती पुरेत. चार त्या ग्रंथालयांना, एक एक प्रत प्रत्येक लेखकाला, उरलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या वाचनालयांना. म्हणजे शेवटी छापखान्याची पायरी चढावी लागतेच की, असे आपण म्हणाल. चढावी, वर्षातून एकदा, रोख पैसे घेऊन.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिले आहे, तेव्हा आटोपते घेतो. आमच्या मंडळात सध्या पाच जण आहेत. दोघे कारखान्यातले, एक अंगणवाडी सेविका, एक टेम्पोचालक आणि मी. संस्था नोंदवायला आणखी दोन हवेत. मुद्रिते तपासणारा एक हवा. निवृत्त शिक्षक असल्यास उत्तम. बोललेला मजकूर उतरवून घेणारी कॉलेजातली दोनतीन मुले हवीत, त्यांना अंकामागे पैसे मिळतील. सभागृहाच्या दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. तीत नाव, फोन नंबर आणि आठवड्यातला कोणता वार मोकळा आहे तो लिहावा. वर्गणीची पावतीपुस्तके शेजारीच आहेत. ती फाडायला आमची अंगणवाडीवाली ताई बसली आहे, आणि सुटे पैसे तिच्याजवळ नाहीत.